जास्त दाबाची तक्रार

बहारुद्दीनच्या पोटात दुखायला सुरुवात झाली ती एका वळणामुळे. वळण होतं एका बोटीचं, आणि बोट होती हातभर लांबीची.

मलेशियातल्या इपोह शहराच्या कडेला तामान मेलोर नावाची वसाहत आहे. तिच्या मागे कथलाच्या जुन्या खाणीचं तळं. उन्हं उतरली की वसाहतीतली मंडळी तिथे येऊन बसतात. कुणी गळ टाकून, कुणी नुसतीच. अशाच एका संध्याकाळी डॉक्टर फूंग आपली रिमोटवर चालणारी बोट घेऊन तिथे अवतरले. फूंग निवृत्त दंतवैद्य, आणि बहारुद्दीनचे शेजारी. जन्मभर लोकांच्या तोंडात हात घालून बोटांना आलेली सगळी सफाई त्यांनी त्या नावेत ओतली होती. पांढरीशुभ्र, पितळी कठड्यांची, डेकवर नखाएवढ्या खुर्च्या मांडलेली. डॉक्टरांनी अंगठा जरासा सरकवला की ती तळ्याच्या मध्यावर जाऊन अशी काही वळायची, की पाण्यावर एक रेघ तेवढी उमटावी.

"अगंबाई, काय गोड वळते!" सालबिया म्हणाली.

सालबिया ही बहारुद्दीनची बायको. लग्नाला एवढी वर्षं झाली, पण नवऱ्याच्या कुठल्याही हालचालीला तिने आजवर गोड म्हटलेलं नव्हतं. तो मोटारसायकल वळवायचा तेव्हा ती डोळे मिटून दुआ पुटपुटायची. शिवाय त्या दिवशी घरून आणलेली गरमागरम केळ्याची भजी तिने पहिल्यांदा डॉक्टरांपुढे धरली. बहारुद्दीनच्या वाट्याला आलं ते टोकाकडचं, करपलेलं.

आता माणसाने किती सोसावं? डॉक्टरांची गाडी मोठी, बहारुद्दीन काही बोलला नाही. डॉक्टरांचा आंबा लागतो आणि बहारुद्दीनचा नुसता मोहोरतो, तरी तो गप्प. पण बायकोने परपुरुषाच्या बोटीच्या वळणावर भाळावं, हे कुठल्या धर्मात बसतं?

त्यात वसाहत समितीचे अध्यक्ष हाजी जोहान यांनी बॉम्ब टाकला. हाजी पोलीस खात्यातून सार्जंट म्हणून निवृत्त झालेले, त्यामुळे साधं बोलणंही ते हुकमासारखं बोलत. यंदाच्या कुटुंबमेळाव्यात पोत्यातली शर्यत बंद, बोटींची शर्यत सुरू, असं त्यांनी तळ्याकाठीच जाहीर केलं.

"डॉक्टर तर आहेतच. आणखी कोण उतरणार?"

"मी!" बहारुद्दीन ओरडला. ओरडल्यावर त्याला आठवलं, की आपल्याकडे बोट नाही.

बोट मिळाली ताइपिंगच्या एका म्हाताऱ्या बाईंकडे. त्यांच्या दिवंगत नवऱ्याने हौसेने बांधलेली, बंदरात मोठी जहाजं ओढतात तसली, बुटकी, जाडजूड, काळ्या-लाल रंगाची. सालबियाने ती पाहिली, मग नवऱ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "तुमच्यासारखीच आहे." हे कौतुक होतं की काय, याचा त्याने दोन दिवस विचार केला.

आतल्या बॅटऱ्या गळून खराब झालेल्या. बहारुद्दीनने ठरवलं, घालायची तर दणकट बॅटरी घालू. फूंगच्या बोटीच्या नाकासमोरून गेली पाहिजे! शहरात जाऊन तो मुद्दाम जोरकस बॅटरी घेऊन आला. कुंपणापलीकडून डॉक्टरांनी ती पाहिली. ते त्याला कायम एनचिक, म्हणजे श्रीयुत, म्हणत.

"एनचिक बहार, बॅटरी झकास आहे. पण सर्व्होला सरळ जोडू नका हं. त्याला सहा व्होल्टच्या वर सोसत नाही. आणि ही पुरी भरली की आठाच्या वर जाते."

सर्व्हो म्हणजे काडेपेटीएवढी डबी. तिच्या डोक्यावरचा दांडा डावी-उजवीकडे हलतो आणि बोटीचं सुकाणू फिरवतो. पंखा फिरवणारी मोटर राक्षसासारखी, द्याल ते खाते. सर्व्हो मात्र घरजावयासारखा, जरा जास्त झालं की बिघडला. हे सगळं बहारुद्दीनने वाचलेलं होतं, पटलेलंही होतं. पण फूंगने सांगितल्यावर ते कसं ऐकायचं?

"बघू," म्हणून त्याने घरात येऊन, स्वयंपाकघरातल्या टेबलावर, सालबियाच्या ईदच्या टेबलक्लॉथवर, बॅटरी सरळ सर्व्होला जोडली.

सर्व्हो जोमात आला. इतका जोमात, की बहारुद्दीनच्या डोळ्यांत पाणी आलं. टक्‌ डावीकडे, टक्‌ उजवीकडे, जणू कवायत चालली आहे. मग त्याला कापरं भरलं, मग तो एका कुशीला जाऊन हट्टाने थांबला आणि त्याच्या पोटातून धुराची बारीक वेटोळी बाहेर आली.

"अबांग, कालवण लागलं की काय बघा!" सालबिया मोरीतून ओरडली. तिकडे नवऱ्याला अबांगच म्हणतात.

"कालवण ठीक आहे," बहारुद्दीन खोल आवाजात म्हणाला.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. बहारुद्दीन पाणीपुरवठा खात्यात, तक्रार विभागात वरिष्ठ कारकून होता. पाण्याला दाब नाही, तिसऱ्या मजल्यावर पाणी चढत नाही, नळ नुसता उसासे टाकतो, या तक्रारी ऐकण्यात त्याची हयात गेली होती. दाब जास्त आहे, कमी करून द्या, असं म्हणत खात्याच्या इतिहासात एकही माणूस आला नव्हता. आणि आता खुद्द बहारुद्दीनला हवा होता कमी दाब, आणि जगात कुणी तो देईना.

सल्ला मात्र सगळे देत होते. पलीकडच्या गल्लीतले शिवप्रकाशम धावतच आले. ते शाळेत भूगोल शिकवायचे, म्हणून सगळे त्यांना चिक्गू, म्हणजे मास्तर, म्हणत. भूगोल पृथ्वीचा असल्यामुळे पृथ्वीवरच्या सगळ्या वस्तूंवर आपला अधिकार चालतो, असं त्यांचं मत होतं.

"सोपं आहे हो! तुमच्या खात्यात काय करता? नळाचा कॉक अर्धा बंद करता ना? तसा वाटेत एक रेझिस्टर घाला. प्रवाहाला अडथळा. दाब आपोआप कमी!"

पाण्याची उपमा दिल्यावर बहारुद्दीन विरघळलाच. नवा सर्व्हो आला, वाटेत रेझिस्टर बसला. टेबलावर सगळं छान चाललं. अर्धा बंद कॉकही नळ मिटलेला असताना पुरा दाब दाखवतो, आणि धार सोडली की मान टाकतो, हे ज्या माणसाने जन्मभर तक्रारदारांना समजावलं, त्याला ते त्या क्षणी आठवू नये! यालाच ग्रहदशा म्हणतात.

तळ्यावर बोट सोडली. सरळ असेपर्यंत सरळ गेली. बहारुद्दीनने वळणाचा अंगठा दाबला मात्र, सर्व्होने जोर लावायला वीज ओढली, रेझिस्टरने ती वाटेतच गिळली, आणि बोटीला हिव भरलं. सुकाणू थरथर थरथर करू लागलं. ती ना डावीकडे गेली ना उजवीकडे. तशीच कुडकुडत ती पलीकडच्या काठावर गळ टाकून बसलेल्या हाजी जोहान यांच्या दोरीत शिरली आणि त्यांचा गळ, दोरी व डब्यातली सगळी गांडुळं घेऊन पाणकणसांत जाऊन बसली.

"हे काय चाललंय?" हाजी गरजले.

"दाब कमी झाला, तुआन हाजी," चिक्गू शांतपणे म्हणाले. "थोडा जास्तच कमी झाला."

डॉक्टर फूंग गुडघाभर पाण्यात उतरले, बोट सोडवून घेऊन आले आणि आपल्या रुमालाने पुसून त्यांनी ती बहारुद्दीनच्या हातात दिली. हे तर फारच लागलं. वैऱ्याने हसावं, टोमणे मारावेत, त्याला उत्तर देता येतं. त्याने रुमाल काढल्यावर माणसाने करायचं काय?

"माझ्याकडे एक छोटा..." डॉक्टर सांगू लागले.

"आभारी आहे," बहारुद्दीन म्हणाला आणि घरी गेला.

पुढचा उपाय शहरातल्या एका दुकानदाराने सुचवला. तीन पायांचा रेग्युलेटर. आत कितीही येवो, बाहेर ठरलेले व्होल्ट. "पण उरलेल्याची उष्णता करतो," दुकानदार म्हणाला. "त्याच्या पाठीला धातूचा तुकडा लावा, नाहीतर चटका बसेल."

धातू कुठला लावायचा? बहारुद्दीनने घर धुंडाळलं. सालबियाच्या फडताळात बाहुलू केक भाजायचा पितळी साचा होता, तिच्या आईने लग्नात दिलेला. त्याचं एक पान कानशीने कापलं तर कुणाला कळणार आहे, असा त्याने विचार केला. हा विचार जगातल्या बहुतेक नवऱ्यांनी कधी ना कधी केलेला आहे, आणि त्याचं उत्तर सगळ्यांना एकच मिळालेलं आहे.

रेग्युलेटर चालला. पण पितळी पान बोटीच्या बंद पोटात, प्लॅस्टिकच्या डेकला टेकून बसलं होतं. तळ्याला दोन फेऱ्या मारीपर्यंत डेक मऊ पडला आणि त्याला मधोमध असा बाक आला, की बोट कुणाला तरी कमरेत वाकून सलाम करते आहे असं वाटावं. तिचं तोंड नेमकं फूंगच्या बोटीकडे होतं.

त्याच संध्याकाळी सालबियाने केक करायला घेतले.

तिने आरडाओरडा केला असता तर बरं झालं असतं. तिने अर्धा साचा टेबलावर ठेवला, समोर बसली आणि म्हणाली, "अबांग, तुम्हाला नक्की काय झालंय?"

"सर्व्होला व्होल्ट जास्त होतात."

"सर्व्होचं नाही विचारलं."

भज्याबद्दल बोलायचं बहारुद्दीनच्या अगदी ओठावर आलं होतं. पण पन्नाशी उलटलेल्या सरकारी माणसाने, एका करपलेल्या भज्यासाठी बोट विकत घेतली, हे सांगायचं कसं?

मेळावा जवळ आला आणि बोट अजून वाकलेलीच. तेव्हा बहारुद्दीनने, सांगायला वाईट वाटतं, सरकारी डोकं चालवलं. समितीच्या बैठकीत तो उभा राहिला आणि गंभीरपणे म्हणाला, "शर्यतीला माझा विरोध नाही. पण तळं सार्वजनिक आहे. रीतसर परवानगी घेतली का? उद्या काही झालं तर?" हाजी जोहान यांना कायद्याचा भारी आदर. त्यांनी लगेच शर्यत स्थगित केली आणि अर्ज घेऊन स्वतः निघाले.

नगरपालिका म्हणाली, तळं आमचं नाही, जमीन कार्यालयाकडे जा. जमीन कार्यालय म्हणालं, जमीन आमची, पण तुम्ही बोटी जमिनीवर चालवणार आहात का? पाण्यावर ना? मग पाण्याच्या खात्याकडे जा. बहारुद्दीनच्या मनात उकळ्या फुटत होत्या. अशा चक्रात गेलेला अर्ज दोन पावसाळे बाहेर येत नाही, हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक?

मंगळवारी त्याच्या साहेबांनी एक फाइल त्याच्या टेबलावर ठेवली. "बहार, कुठल्याशा तळ्यावर खेळण्यातल्या बोटी सोडायच्यात म्हणे. तुझ्याच वसाहतीतलं आहे, तुला माहिती असेल. दुपारपर्यंत अभिप्राय दे. आणि आडमुठेपणा करू नकोस, अर्ज घेऊन आलेले हाजी बाहेर बसलेत आणि माझ्याकडे संशयिताकडे बघावं तसे बघतायत."

बहारुद्दीनने स्वतःच्या हाताने लिहिलं: हरकत नाही. हाजींनी त्याला मिठी मारली. "तू होतास म्हणून झालं रे!" वसाहतीत संध्याकाळी त्याच्या नावाने टाळ्या वाजल्या. सगळ्यात मोठ्याने वाजवल्या डॉक्टर फूंग यांनी.

घरी आला तर टेबलावर टपालाच्या तिकिटाएवढी एक वस्तू पडलेली, दोन्ही बाजूंना वायरी.

"हे काय?"

"डॉक्टरांकडून आणलं," सालबिया म्हणाली. "एका बाजूने बॅटरी, दुसऱ्या बाजूने तुमचा तो सर्व्हो. आठ आत, पाच बाहेर. तापत नाही की थरथरत नाही. मला दोन मिनिटांत समजलं."

"तू त्यांच्याकडे गेलीस? माझ्यासाठी मागायला?"

"माझ्या उरलेल्या साच्यासाठी गेले. आणि एवढं काही नाही त्यात. त्यांच्याकडे ड्रॉवरभर आहेत."

ड्रॉवरभर! ज्या एका वस्तूसाठी बहारुद्दीनने एक सर्व्हो, हाजींची गांडुळं आणि सासूची आठवण खर्ची घातली, ती त्या माणसाच्या घरात, दातांच्या जुन्या चिमट्यांशेजारी, ड्रॉवरभर पडली होती. रात्री जेवण गेलं नाही.

सकाळी त्याने तो तुकडा काळ्या चिकटपट्टीत गुंडाळला, कुणी ओळखू नये म्हणून, आणि बोटीत बसवला. डेकवर पातळ फळी ठोकली. अंगठा सरकवला. सुकाणू हललं. अलगद, हवं तेवढंच, आणि हवं तिथे थांबलं. बहारुद्दीनला इतका आनंद झाला की क्षणभर तो फूंगला विसरला. मग आठवलं.

मेळाव्याच्या दिवशी अख्खी वसाहत तळ्याकाठी लोटली. नारळाचा भात, माशांचे कबाब, पोरांच्या हातात लाल सरबत. शर्यतीत बोटी बऱ्याच होत्या. पण चिक्गूंची बोट भूगोलाला न जुमानता सुरुवातीलाच उलटी निघाली, आणि बाकीच्या खेळण्यातल्या बोटी गवतात अडकल्या. राहिल्या दोन. पुढे फूंगची पांढरी परी, मागे बहारुद्दीनची काळी म्हैस.

अर्ध्या तळ्यापर्यंत अंतर वाढलं. मग बहारुद्दीनने मोटरला पुरी ताकद दिली आणि अंतर कमी होऊ लागलं. पलीकडे पाण्यात रोवलेल्या बांबूला वळसा घालून परत यायचं होतं. पांढरी बोट वळली. नेहमीसारखी, ती रेघ काढत. आणि तेवढ्यात पाणकणसांतून एक लांबलचक घोरपड सुळकन पाण्यात शिरली. तिला बिचारीला काय ठाऊक? दिसलं एवढंच, की एक गुबगुबीत पांढरा बगळा निवांत चाललाय. तिने तोंड उघडलं आणि परी आडवी उचलली.

काठावर एकच हलकल्लोळ झाला. बायका किंचाळल्या, हाजी जोहान यांनी शिट्टी फुंकून घोरपडीला थांबण्याचा हुकूम दिला, चिक्गू काठाकाठाने पळत सुटले, कुणी चप्पल फेकली, कुणी भाताचा डबा फेकला. पितळी कठडा दातांत कडकन मोडला. घोरपडीने एक डुबकी मारली आणि सगळं पाण्याखाली गेलं. वर आली एक नखाएवढी खुर्ची.

या सगळ्यात बहारुद्दीनची बोट बांबूपाशी पोचली होती. त्याने अंगठा सरकवला. म्हैस वळली. आणि कशी वळली म्हणता! एवढं जाडजूड धूड, पण पाण्यावर एक रेघ, फक्त एक. आयुष्यात इतकं सुंदर काही त्याच्या हातून झालं नव्हतं. वळून, ताठ मानेने, ती काठाला येऊन टेकली.

"आलो! तुआन हाजी, आलो मी!"

निशाण हातात असलेले हाजी त्याच्याकडे पाठ करून उभे होते. "थांब रे, इथे काय झालंय बघतोस ना? माणसाची बोट गेली!"

डॉक्टरांना खुर्चीवर बसवलं होतं. चार जण वारा घालत होते. कुणीतरी वार्ताहराला फोन लावला होता. आणि सालबिया भज्यांचं ताट घेऊन, बहारुद्दीनच्या समोरून, त्याच्याकडे नजरही न टाकता, थेट डॉक्टरांकडे गेली.

बक्षीस मिळालं. भात शिजवायचा कुकर. हाजींनी तो देताना विचारलं, "तू पोचलास कधी?"

गर्दी पांगल्यावर डॉक्टर हळूहळू त्याच्याकडे आले. त्यांच्या पाठीमागे संध्याकाळ झाली होती.

"एनचिक बहार, बांबूपाशी काय वळण घेतलंत!"

बहारुद्दीनला वाटलं, चेष्टा आहे. "तुम्ही कुठे बघितलंत? तुमची तर तेव्हा..."

"सगळे घोरपडीकडे बघत होते. माझं तिकडे काय राहिलं होतं बघायला? मी तुमचीच बोट बघत होतो." त्यांनी हात पुढे केला. "माझी इतकी छान कधी वळली नाही. जरा हातात घेऊ का?"

बहारुद्दीनने रिमोट त्यांच्या हातात दिला. अंधार पडेपर्यंत दोघं आळीपाळीने म्हैस वळवत बसले. तो तुकडा नीट चालतोय ना, असं डॉक्टरांनी एका शब्दाने विचारलं नाही. घरी जाताना बहारुद्दीन सालबियाला म्हणाला, "फूंग तसा चांगला माणूस आहे गं." सालबियाने देवाचे आभार मानले.

ते जरा लवकर मानले. सकाळी वर्तमानपत्र आलं. आतल्या पानावर केवढा मोठा फोटो! डॉक्टर फूंग, हातात चिमुकली खुर्ची, चेहऱ्यावर धीरोदात्त दुःख. खाली मथळा, बातमी, डॉक्टरांची मुलाखत, घोरपडींविषयी चौकट. शर्यत कोण जिंकलं याचा पत्ता नाही. फोटोच्या कडेला एक कान दिसत होता. बहारुद्दीनने आरशासमोर उभं राहून खात्री केली. त्याचाच होता.

दुपारपर्यंत डॉक्टरांच्या दारात माणसांची रीघ लागली. कुणी केक आणले, कुणी फळं. क्वालालंपूरहून कुणा अनोळखी माणसाने नवी बोट पाठवायचं कबूल केलं. बहारुद्दीन कुकरकडे बघत बसला. पोटातलं ते जुनं दुखणं हळूहळू परत वर चढत होतं.

संध्याकाळी सालबिया त्याला शोधत तळ्यावर आली. तिच्या ताटलीतला रात्रीसाठी तळून ठेवलेला बांगडा गायब होता. नवरा काठावर उकिडवा बसला होता. म्हैस पाणकणसांसमोरून अगदी संथ, लाडिक चालीने, डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे फेऱ्या घालत होती. तिच्या डेकवर दोऱ्याने बांगडा बांधलेला होता.

"अबांग, हे काय करताय तुम्ही?"

"शूऽऽ!"

पाणकणसं हलली. घोरपड बाहेर आली. ती बोटीजवळ गेली, तिने बोट पुढून बघितली, मागून बघितली, मग मान लांब करून दोऱ्यासकट बांगडा अलगद उचलला, बोटीला एवढासाही धक्का न लावता, आणि निघाली परत.

बहारुद्दीन ताडकन उभा राहिला. रिमोट उंच धरून, घशाच्या शिरा ताणून, तो तिच्या मागून ओरडला, "अगं ए! बोट राहिली!"